व्हिडिओ लायब्ररीचे दिवस

ज्या दुकानात बहुधा एकही ग्रंथ नसे, त्याला आपण सर्वांनी एकमुखाने 'लायब्ररी' म्हटले, याचे आज नवल वाटते. गाव कोणतेही असो, बाजाराच्या कोपऱ्यावरील त्या अरुंद खोलीवर 'व्हिडिओ लायब्ररी' अशीच पाटी असे. आत भिंतीभर फळ्या, फळ्यांवर काळ्या कॅसेटी पुस्तकांप्रमाणे उभ्या रचलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर हाताने लिहिलेला क्रमांक आणि मेजावर एक जाडजूड नोंदवही. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी पस्तिशी ओलांडली आहे त्यांना ही खोली डोळे मिटूनही दिसेल. जे त्याहून लहान आहेत त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. एखादी तरी गंमत ऐकावयास मिळेलच.

'लायब्ररी' हे नाव अगदीच अस्थानी होते असे मात्र नाही. पुस्तके व मासिके भाड्याने देणारी खाजगी वाचनालये आपल्याकडे पूर्वीपासून होती. अनामत रक्कम ठेवावयाची, पुस्तक घरी न्यावयाचे, ठरल्या दिवशी परत आणावयाचे आणि उशीर झाल्यास दंड भरावयाचा, ही रीत घरोघरी ठाऊक होती. चित्रपट कॅसेटीत मावू लागला तेव्हा तोही याच रीतीने उंबरठ्याच्या आत आला. पुष्कळ ठिकाणी तर एकाच दुकानात एका फळीवर मासिके आणि दुसरीवर कॅसेटी, असा जोडसंसार चालत असे.

यंत्र घरात आले

चित्रपट घरच्या घरी आणि हव्या त्या वेळी पाहण्याची सोय जपानी कारखान्यांतून जगभर पसरली. सोनी कंपनीने १९७५ साली 'बीटामॅक्स' आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ साली 'व्हीएचएस' ही पद्धती बाजारात आणली. दोहोंची फीत अर्ध्या इंच रुंदीचीच. परंतु कॅसेटींचे आकार निराळे, त्यामुळे एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात बसत नसे. या चढाओढीत अखेर व्हीएचएस टिकून राहिली. चित्रपटाची कॅसेट भाड्याने देण्याचा धंदा अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरी १९७७ साली जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी सुरू केला, आणि थोड्याच वर्षांत ती कल्पना देशोदेशी रुजली.

आपल्याकडे या यंत्राचा खरा प्रवेश झाला तो १९८२ च्या सुमारास. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबर महिन्यात दिल्लीस नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. रंगीत संचांपाठोपाठ व्हीसीआर आले. परंतु सामान्य पगारदाराला ते यंत्र विकत घेणे झेपण्यासारखे नव्हते. तेव्हा यावर आपल्या लोकांनी सोपा उपाय काढला. कॅसेटीबरोबर यंत्रही भाड्याने! इतकेच नव्हे, ज्याच्या घरी दूरदर्शन संच नसेल त्याला संचसुद्धा भाड्याने मिळे. लग्नाच्या आदल्या रात्री, गणपतीच्या दिवसांत, परीक्षा संपल्याच्या आनंदात, एका रात्रीपुरते चित्रपटगृहच अंगणात उभे राही.

पोलादनगरीतील एक दुकान

माझे बालपण भिलाईत गेले. हे गाव तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर २००० पासून ते छत्तीसगड राज्यात आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आणि सेक्टरा-सेक्टरांतील क्वार्टर्समध्ये शेजारी शेजारी राहू लागली. माझे वडील वऱ्हाडातून आलेले. आमच्या एका बाजूस तेलुगू कुटुंब, दुसऱ्या बाजूस बंगाली आणि समोर एक मल्याळी दांपत्य. त्यातील बाई कारखान्याच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. आम्ही मुले त्यांना 'चेची' म्हणत असू. मल्याळम भाषेत थोरल्या बहिणीला चेची म्हणतात.

अशा वस्तीत व्हिडिओ लायब्ररीला निराळेच महत्त्व होते. हिंदी चित्रपट चित्रपटगृहात लागत. दूरदर्शनवर रविवारी दुपारी एखादा प्रादेशिक चित्रपट दाखवीत, परंतु आपल्या भाषेची पाळी केव्हा येईल याचा नेम नसे. आपल्या भाषेचा चित्रपट मनास येईल तेव्हा पाहावयाचा तर कॅसेटीवाचून गत्यंतर नव्हते. सुट्टीत गावी गेलेली मंडळी येताना लोणची-पापडांबरोबर एखादी कॅसेट घेऊन येत. आमची नागपूरची मावशी अशीच एकदा 'अशी ही बनवाबनवी' या १९८८ सालच्या चित्रपटाची कॅसेट घेऊन आली होती. आमच्या सेक्टरातील लायब्ररीवाल्या भैयांनी यावर एक युक्ती काढली. लोकांनी घरून आणलेल्या अशा कॅसेटी आपल्या दुकानात ठेवाव्या, म्हणजे त्या त्या भाषेच्या इतर कुटुंबांनाही मिळतील. ही फळी सर्वांत वरची. तीत एक बंगाली रांग, एक तेलुगू रांग, पाच-सहा मल्याळी कॅसेटी, दोन-तीन ओडिया आणि आमची एकुलती एक मराठी. त्या फळीवरील कोणत्याही कॅसेटीची दुसरी प्रत दुकानात नव्हती.

नोंदवहीत माणसाचे नाव क्वचितच लिहिलेले असे. कॅसेटीचा क्रमांक, क्वार्टरचा क्रमांक, नेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख, एवढे चार रकाने पुरत. तेवढ्यावर सारा कारभार चाले.

निवडीचा सोहळा

मे महिन्यात निकाल लागले की, आम्हा दोघा भावंडांना एका रात्रीचे यंत्र आणण्याची परवानगी मिळे. परंतु एका रात्रीत बसतील अशा तीनच कॅसेटी आणावयाच्या हा वडिलांचा दंडक होता. या तीन जागांसाठी आमच्या ओळीत चार दिवस वाटाघाटी चालत. एक चित्रपट सर्वांना समजेल असा, म्हणजे हिंदी, एवढे आधीच ठरलेले. उरलेल्या दोन जागा वेगवेगळ्या घरांना पाळीपाळीने मिळत. भाड्याचे पैसे वर्गणीने जमत, त्यामुळे मताचा अधिकारही सर्वांना सारखा. मारामारीचा चित्रपट हवा की देवादिकांचा, यावर दादाचे आणि शेजारच्या बंगाली आजीचे दरवर्षी भांडण होई आणि दरवर्षी आजी जिंकत.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न चित्रपटाचा नसे, प्रिंटचा असे. 'प्रिंट साफ है?' असे विचारावयाचे आणि भैयांच्या मुद्रेवरून खरे-खोटे ताडावयाचे. नव्या चित्रपटाची कॅसेट पुष्कळदा कोणी चित्रपटगृहात बसून चोरून टिपलेली असे. तीत मध्येच एखादा प्रेक्षक उठून पडद्याआड होई. चित्राच्या तळाशी साड्यांच्या व सोन्याचांदीच्या दुकानांच्या जाहिराती सरकत जात त्या निराळ्याच.

मग संध्याकाळी भैयांचा पोऱ्या सायकलच्या कॅरिअरवर चादरीत गुंडाळलेले यंत्र बांधून येई. संचाचे एक बटण त्या यंत्राच्या लहरीशी जुळवावे लागे. ते जुळेपर्यंत पडद्यावर नुसते मुंग्यांचे वारूळ. चित्र अस्पष्ट आले की घरातील कोणी जाणता माणूस कोऱ्या नोटेने यंत्राचे 'हेड' पुसण्याचा सल्ला देई. ती नोट कोणी द्यावयाची यावर हशा पिके.

एका सकाळची गोष्ट

१९९६ च्या जून महिन्यातील ती रात्र मला विसरता येत नाही. मी नऊ वर्षांची होते, दादा बारा वर्षांचा. तिन्हींपैकी एक कॅसेट त्या वेळी चेचींच्या वाट्याची होती. वरच्या फळीवरील एका मल्याळी चित्रपटासाठी त्या दोन आठवडे थांबल्या होत्या, आणि त्यांच्यामागे आणखी दोन क्वार्टरांचे क्रमांक वहीत लागून होते. परंतु त्या दिवशी त्यांना रात्रपाळी आली. तेव्हा असे ठरले की, रात्री आम्ही हिंदी व मराठी चित्रपट पाहावे आणि सकाळी साडेसातला पाळी संपवून आल्यावर चेचींनी आपला चित्रपट पाहावा. पोऱ्या यंत्र नेण्यास दहा वाजता येणार होता.

वडील दुसऱ्या पाळीवरून रात्री दहानंतर घरी आले, तेव्हा कोठे पहिला चित्रपट लागला. दुसरा संपेपर्यंत पहाट व्हायला आली. सारे घर गाढ झोपले. सहाच्या सुमारास आम्ही दोघे मात्र जागे झालो. यंत्र समोर, कॅसेट समोर आणि पाहणारे कोणी नाही! आम्ही चेचींची कॅसेट आत सरकवली. भाषा कळत नव्हती. पण बटण दाबले की माणसे उलटी चालू लागतात, सांडलेले पाणी घागरीत परत जाते, या खेळात आम्ही रंगून गेलो. पुढे-मागे, पुढे-मागे करता करता यंत्रातून करकर आवाज आला आणि चित्र गेले. दादाने घाईने कॅसेट बाहेर ओढली. तिच्याबरोबर हातभर फीत वेणीसारखी पिळवटून बाहेर आली.

कॅसेटीच्या तळाशी मधोमध एक भोक असते. त्यात पेन्सिलीचे टोक दाबून धरले म्हणजे आतील चाके मोकळी होतात, हे दादाला ठाऊक होते. मी पेन्सिल धरली, त्याने बोटाने चाक फिरविले आणि चुरगळलेली फीत आत गेली. वरून कोणाला काही कळण्यासारखे नव्हते.

चेची पाळीवरून आल्या त्या तशाच आमच्या घरी बसल्या. आईने चहा दिला. दीड तास चित्रपट उत्तम चालला. चेची मधूनमधून आम्हांला हिंदीत गोष्ट समजावून सांगत होत्या. मग ती जागा आली. चित्र फाटले, पडद्यावर मुंग्या आल्या आणि यंत्र बंद पडले. चेचींनी आमच्याकडे पाहिले. 'कॅसेटच खराब असेल,' असे मी म्हणाले. त्यांनी ते खरे मानले. रात्रभर जागलेली ती बाई शेवट न पाहता उठून गेली.

एवढ्यावरच हे मिटले असते तर कदाचित मी ते विसरलेही असते. परंतु दोन दिवसांनी मासिक परत करण्यास मी दुकानात गेले तेव्हा चेची तेथे उभ्या होत्या. कॅसेट त्यांच्या क्वार्टरच्या नावावर गेलेली. ती खराब होऊन आली. म्हणून भैया त्यांच्या अनामत रकमेतून दंड कापून घेत होते. चेची वाद घालीत नव्हत्या. त्या म्हणत होत्या की, 'माझ्या नावावर आहे, तर मीच द्यायला हवे.' माझ्या हातातील मासिक खाली पडले. मग मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. रडत रडत सारे सांगून टाकले एवढे खरे.

वडिलांनी दंड भरला. भैयांनी मात्र रागे भरण्याऐवजी मला बाकावर बसविले आणि ती कॅसेट उघडून दाखविली. पाठीमागचे पाच स्क्रू काढले की वरचे झाकण निघते. तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे अडीचशे मीटर फीत दोन चाकांवर गुंडाळलेली असते. कॅसेट यंत्रात गेली म्हणजे यंत्र ही फीत बाहेर ओढून एका गोल, तिरक्या बसविलेल्या नळकांड्याभोवती गुंडाळते. नळकांड्यावर बसविलेली सूक्ष्म 'हेड्स' आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला पंचवीस फेरे घेतात आणि फितीवर चुंबकीय रूपात साठविलेले चित्र वाचतात. म्हणजे चित्रपट चालू असताना फीत उघड्या अंगाने यंत्राच्या पोटात असते. अशा वेळी कॅसेट ओढणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. भैयांनी चुरगळलेला तुकडा कात्रीने कापला आणि दोन टोके खास चिकटपट्टीने जोडली. चित्रपटातील काही सेकंद कायमचे गेले.

मला शिक्षा झाली ती अशी. पुढील आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर दुकानात बसून, लोकांनी न गुंडाळता परत केलेल्या कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून लावून ठेवावयाच्या. 'रिवाइंड करून परत द्या' अशी पाटी भिंतीवर होती, पण निम्मे लोक ती मानीत नसत. त्या आठवड्यात मी चाळीसेक कॅसेटी गुंडाळल्या असतील. कोणी अर्ध्यावर सोडलेल्या, कोणी शेवटच्या गाण्यावर थांबविलेल्या. आपल्या आधी ही वस्तू कोणाच्या तरी घरी होती आणि आपल्यानंतर कोणाच्या तरी घरी जाणार आहे, हे मला शाळेतील कोणत्याही धड्याने इतके स्पष्ट शिकविले नाही.

चेचींनी तो चित्रपट पुढच्या महिन्यात पुन्हा आणला आणि आम्हांला हट्टाने बोलावून नेले. जोडाची जागा आली, चित्र क्षणभर उडाले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, 'या ठिकाणी तुम्ही दोघे आहात.'

खेळांची फळी

चित्रपटांच्या फळीखाली खेळांची फळी असे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळयंत्र काढले. त्याच्या नकला नव्वदीच्या दशकात आपल्या बाजारात सर्वत्र मिळू लागल्या. रंगीत प्लॅस्टिकची खेळाची कॅसेट दिवसाच्या भाड्याने मिळे. ज्याच्या घरी यंत्र नाही त्याने दुकानातील संचासमोर बाकावर बसून तासाच्या हिशेबाने खेळावे. एखाद्या कॅसेटीवर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचे छापलेले असे. घरी नेऊन पाहावे तर तेच दहाबारा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत! बालवयातील व्यवहारज्ञानाचा हा पहिला पाठ म्हणावयास हरकत नाही.

खेळ सुरू झाला नाही की, कॅसेट काढून तिच्या तोंडात जोराने फुंकर मारावयाची, हा सर्व भारतभर एकमताने मान्य झालेला उपाय होता. वस्तुतः फुंकरीने काहीच साधत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे धातूचे संपर्क नव्याने जुळत, म्हणून खेळ सुरू होई. उलट तोंडाच्या ओलाव्याने त्या संपर्कांना गंज चढण्याचीच भीती. बदके टिपण्याच्या बंदुकीचेही असेच. बंदुकीतून पडद्याकडे काही जात नसे. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा ठिपका उमटे आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राही घटक तो टिपी. जुन्या काचेच्या नळीच्या संचांसाठी बेतलेली ती बंदूक आजच्या सपाट पडद्यावर चालत नाही, त्याचे कारण हेच.

खेळ एका दिवसाचा आणि पुष्कळ खेळांत प्रगती साठवून ठेवण्याची सोय नाही. त्यामुळे शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचणारा मुलगा सेक्टरात दोन महिने मान उंच करून फिरे. एका यंत्राला दोनच हात लावावयाचे आणि वाट पाहणारी मुले सहा. त्यामुळे पाळी पाळणे आणि हरल्यावर उठणे, या दोन गोष्टी आपोआप अंगवळणी पडत.

नाण्याची दुसरी बाजू

हे सारे लिहिताना त्या दिवसांना उगाच सोन्याचा मुलामा द्यावा असा हेतू नाही. त्या धंद्याचा मोठा भाग चोरीच्या प्रतींवर चालत असे, हे मान्य केले पाहिजे. त्यास आळा घालण्यासाठी कृतिस्वाम्याच्या, म्हणजे कॉपीराइटच्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि ती ८ ऑक्टोबर १९८४ पासून अमलात आली. चित्रपटाच्या कॅसेटीवर प्रमाणपत्राची प्रत व निर्मात्याचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक झाले, आणि गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. आमच्या वरच्या फळीवरील त्या कॅसेटी भाड्याने देण्याचा परवाना भैयांजवळ होता काय? बहुधा नसावा. बाल्यात हा प्रश्न मनात आला नाही. आज अनुवादाच्या व्यवसायात दुसऱ्याच्या शब्दांचे मोल रोज जोखताना तो येतो. ज्यांच्या कष्टांवर आम्ही त्या रात्री हसलो-रडलो, त्यांच्यापर्यंत आमच्या वर्गणीतील एक पैसाही पोहोचला नसेल.

पडदा पडला

१९९१ साली आखाती युद्धाच्या बातम्यांनी उपग्रह वाहिन्यांचे कुतूहल जागे केले. त्याच वर्षी स्टार वाहिन्या सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी वाहिनी आली. गल्लोगल्लीचे केबलवाले रात्री स्वतःच चित्रपट दाखवू लागले. पुढे नव्वदीच्या अखेरीस चकत्या आल्या. व्हीसीडीच्या एका चकतीवर सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचे चित्र मावे. म्हणून आपल्या लांबलचक चित्रपटाला दोन, कधी तीन चकत्या लागत. कॅसेटी पुसट झाल्या तरी कशाबशा चालत. चकतीवर ओरखडा पडला की नायक तेथेच अडखळून उभा! त्यानंतर डीव्हीडी आली, पाठोपाठ इंटरनेट आले आणि भाड्याच्या फळ्या ओस पडल्या. जगातील उरलेसुरले व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते उत्पादन थांबविले.

आमच्या सेक्टरातील त्या दुकानात आता भ्रमणध्वनी दुरुस्त होतात. वरच्या फळीवरील कॅसेटी ज्याच्या त्याने घरी नेल्या असे ऐकले.

आपल्या कपाटात काय आहे?

आणि येथेच, वाचकहो, या आठवणींचा आजच्या व्यवहाराशी संबंध येतो. बाजारातील चित्रपट पुष्कळसे नव्या रूपात पुन्हा उपलब्ध झाले आहेत. परंतु त्याच काळात त्याच फितीवर आपल्या घरांतील लग्ने, मुंजी, बारशी टिपली गेली. त्यांची प्रत जगात दुसरीकडे कोठेही नाही. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना मला १९९४ सालच्या दादाच्या मुंजीची कॅसेट सापडली. माझे आजोबा १९९७ साली वारले. त्यांचा आवाज त्या एकाच फितीवर उरला आहे.

चुंबकीय फीत ही टिकाऊ वस्तू नव्हे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने बसविलेले असतात. दमट हवेत ते द्रव्य ओल धरते, सैल होते आणि कण सुटू लागतात. बुरशी धरली तर फीत एकमेकीस चिकटते. तीस वर्षे उलटलेल्या फितीवर फार भरवसा ठेवू नये. शिवाय चालू स्थितीतील यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

कॅसेटी पुस्तकांप्रमाणे उभ्या, कोरड्या व थंड जागी ठेवाव्या. खिडकीजवळ, माळ्याच्या पत्र्याखाली किंवा ध्वनिवर्धकाच्या चुंबकाजवळ ठेवू नयेत.

कॅसेटीच्या पाठीवरील, नोंद पुसली जाऊ नये म्हणून असलेला लहानसा प्लॅस्टिकचा कपचा शाबूत असेल तर तो तोडून टाकावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही.

खिडकीवजा भागातून पाहिले असता फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नये. जाणत्या माणसाकडून आधी साफ करून घ्यावी.

फितीवरील चित्रण संगणकावर उतरवून देणारे व्यावसायिक बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. काम झाल्यावर मूळ कॅसेट परत मागून घ्यावी आणि नव्या प्रतीही दोन करून दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्रण पाहताना घरातील वडील मंडळींना जवळ बसवावे आणि कोण कोठे उभे आहे ते लिहून घ्यावे. चित्र वाचले आणि नावे हरवली, तर पुढच्या पिढीला ती अनोळखी माणसांची गर्दी वाटेल.

आमच्या मुंजीच्या कॅसेटीचे काम झाले ते हैदराबादला. दादा हल्ली तेथे असतो. नवी प्रत आम्ही सर्वांनी एकत्र बसून पाहिली. मांडवात, पहिल्या रांगेत, चेची बसलेल्या दिसल्या. त्यांचे नाव मी वहीत पहिले लिहिले.

आज माझ्या मुलीच्या हातातील लहानशा पडद्यावर हजारो चित्रपट आहेत. त्यांत वाईट काही नाही. आमच्या वरच्या फळीवर पाच-सहा मल्याळी चित्रपट होते, तेथे आज तिला कोणत्याही भारतीय भाषेतील चित्रपट उपशीर्षकांसह पाहता येतो. मात्र घरात चार माणसे आणि चार पडदे असले की, आजीची आणि नातवाची आवड एकमेकींसमोर येतच नाही. म्हणून आम्ही शनिवारी रात्री एकच चित्रपट निवडतो. घरातील प्रत्येकाची पाळी असते, ज्याची पाळी असेल त्याची निवड इतरांनी पूर्ण पाहावयाची. गेल्या शनिवारी पाळी माझ्या सासूबाईंची होती. त्यांनी देवादिकांचा चित्रपट निवडला. मुलीने तोंड वाकडे केले. पण शेवटपर्यंत उठली नाही.